बाईंच्या मनगटाला शोभेल असं

शिक्षकदिनाच्या संध्याकाळी बाई घरी येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत काय असतं? मान टाकलेले गुलाब, डझनावारी पेनं, एकाच दुकानातून आलेली एकसारखी भेटकार्डं आणि एखाददुसरा मग. मुलांनी दिलेलं म्हणून त्यातलं काही टाकवत नाही, आणि वापरायचं म्हटलं तरी किती पेनं वापरणार? अशा वेळी मुलाने स्वतः गाठी मारून केलेलं मॅक्रमेचं ब्रेसलेट ही छान भेट होऊ शकते. खर्च फार नाही, शिकायची ती एकच गाठ, आणि तिसरी-चौथीपासून पुढच्या कुणालाही जमेल असं काम. पण व्हिडिओत दिसणारे नमुने जसेच्या तसे उचलले तर हेही कपाटात जाऊन पडेल. ते नमुने बहुतेक कॉलेजातल्या मुलींच्या हातासाठी केलेले असतात. आपल्याला ते द्यायचंय शाळेत शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना. म्हणून आधी तो हात बघू, मग दोऱ्याकडे वळू.

आपल्याकडच्या बाईंच्या एका हातात घड्याळ असतं, दुसऱ्या हातात बांगड्या किंवा कडं. ब्रेसलेट त्यांच्या शेजारी बसणार. ते जाडजूड झालं तर बांगड्यांत अडकतं, फळ्यावर लिहिताना घासतं, वह्या तपासताना मनगटाखाली टोचतं. लोंबते गोंडे, मोठी फुलं, घुंगरू यातलं काहीही नको. परीक्षेच्या वर्गावर देखरेख करताना घुंगरू वाजवत फिरणं कुठल्याच बाईंना परवडणारं नाही. अर्धा सेंटिमीटर रुंद, चपटी, साधी पट्टी पुरे. रंगही असा हवा की त्यावर खडूची पूड आणि मार्करची शाई लगेच दिसणार नाही. गडद निळा, बॉटल ग्रीन, मरून, तपकिरी, राखाडी हे रंग कुठल्याही साडीवर किंवा ड्रेसवर चालून जातात. पांढरा, मोतिया, फिकट गुलाबी हे दुकानात फार मोहक दिसतात आणि शाळेत आठवड्याभरात कळकट होतात.

आणखी एक भान ठेवावं लागतं, आणि ते खास आपल्या कॅलेंडरमुळे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डे येतो, मग नारळी पौर्णिमेला राख्या, आणि त्यापाठोपाठ ५ सप्टेंबर. महिनाभरात तीन वेळा मनगटाचा आणि दोऱ्याचा संबंध येतो. त्यामुळे बाईंना द्यायचं ब्रेसलेट फ्रेंडशिप बँडसारखं भडक नको, आणि सरांना द्यायचं तर राखीसारखं मुळीच नको. मधोमध मोठा चकाकता मणी आणि दोन्हीकडे लाल-पिवळा दोरा असं काही केलंत की ती राखीच झाली. सर हसून घेतील आणि खिशात टाकतील. लाल-पिवळा दोरा देवाच्या नाड्याची आठवण देतो, नुसता काळा दोरा दृष्टीच्या दोऱ्याची. काळे बारीक मणी आणि मध्ये सोनेरी मणी ही जोडी तर पूर्णच टाळा. मंगळसूत्राचं ब्रेसलेट म्हणून हल्ली तेच घालतात, आणि विद्यार्थ्याने बाईंना ते देणं विचित्र दिसेल. रंग दोनच ठेवले, मणी फार तर तीन आणि तेही लाकडी किंवा मातकट काचेचे, तर यातला कुठलाच गोंधळ होत नाही.

दोरा कुठला घ्यावा

सुरुवात करणाऱ्याने एक मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा गोल विणीचा दोरा घ्यावा. दुकानात तो मॅक्रमेचा दोरा, नायलॉन डोरी किंवा राखीची डोरी अशा कुठल्याही नावाने मिळेल. नावापेक्षा बोटांनी पारखलेलं बरं. चिमटीत धरून थोडा पीळ द्या. तो पेड सुटून विस्कटला तर नको. घट्ट आणि गोल राहिला तर घ्या. साटिनची चकचकीत डोरी दिसते सुंदर, पण हातातून निसटते आणि गाठ नीट बसत नाही, त्यामुळे मुलांच्या पहिल्या कामाला ती नकोच. भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूंसाठी तीन-चार मिलिमीटरचा सुती दोर मिळतो, तो मनगटाला फार जाड होतो.

मेण लावलेला सुती दोरा हा दुसरा चांगला पर्याय. त्याचं रूप साधं असतं, गाठ पक्की बसते आणि सरांच्या हातालाही तो शोभतो. फरक शेवटी कळतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर आचेने वितळतात, म्हणून कापलेलं टोक वितळवून जागीच चिकटवता येतं. सुती दोरा वितळत नाही, तो जळतो. त्याची टोकं सुईने गाठींच्या मागून आत ओवून वर गोंदाचा थेंब द्यावा लागतो. घरात लहान मुलं आहेत आणि लायटर बाहेर काढायचाच नाही असं ठरवलं असेल, तर सुती दोराच बरा.

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत भुलेश्वर इथे दोरे आणि मणी दोन्ही भरपूर मिळतात. लहान गावात लेस-बटणांचं दुकान, मॅचिंग सेंटर किंवा मोठं स्टेशनरीचं दुकान बघावं. मंगळसूत्र आणि माळा गाठवून देणारे पटवेकरी अजून बऱ्याच बाजारपेठांत बसतात. रेशमी आणि नायलॉनच्या दोऱ्याची त्यांना जितकी जाण असते तितकी दुकानदाराला नसते. त्यांच्यापाशी दहा मिनिटं उभं राहून त्यांचे हात बघितले तरी मुलाला पुष्कळ शिकायला मिळेल. राखीचा हंगाम सरला की उरलेल्या मालावर थोडी घासाघीसही करता येते. शिक्षकदिनाला तेव्हा काही दिवस हातात असतात.

घरी आल्यावर पहिलं काम गाठीचं नाही, रंग तपासायचं. दोऱ्याचा बोटभर तुकडा कोमट पाण्यात बुडवा आणि ओला असतानाच पांढऱ्या कापडावर घासा. लाल आणि मरून सुती दोरे हमखास रंग सोडतात. बाईंच्या मनगटाला घाम येणार, हात दिवसातून अनेकदा धुतले जाणार. साडीच्या काठाला रंग लागला तर ती भेट आठवणीत राहील, पण वेगळ्या कारणाने. रंग सुटत असेल तर तो दोरा घरच्या तोरणाला ठेवून द्या.

किती दोरा लागेल याचं गणित सोपं आहे. ब्रेसलेटमध्ये दोन मधले पदर असतात, ते नुसते सरळ राहतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक गाठी मारायचा पदर असतो, आणि सगळा दोरा तोच खातो. गाठींची पट्टी जितकी लांब, त्याच्या साधारण सहापट दोरा प्रत्येक बाजूला लागतो, वर बोटांत धरायला थोडा जास्तीचा. तेरा सेंटिमीटरची पट्टी करायची तर मधले पदर प्रत्येकी ५० सेंमी, गाठींचा दोरा २ मीटर (तो मधोमध दुमडून दोन बाजूंचे दोन पदर होतात) आणि शेवटच्या सरकगाठीला ३० सेंमी. म्हणजे एकूण ३ मीटर ३० सेंमी. साडेतीन मीटर धरून चाला. दहा शिक्षक असतील तर ३५ मीटर, आणि तो सगळा एकदमच घ्या. पुन्हा गेलात तर त्याच निळ्याची थोडी वेगळी छटा हातात पडण्याची शक्यता फार.

चौकोनी गाठ

परीक्षेचं पॅड प्रत्येक मुलाकडे असतंच. त्याच्या चापात मधल्या दोन पदरांची टोकं अडकवा, वर १८ सेंमी शेपूट मोकळी सोडून. खालची टोकं ताणून पॅडला सेलोटेपने चिकटवा. मधले पदर ताठ असले की निम्मं काम सोपं होतं. ते सैल पडले की पट्टी नागमोडी होते आणि मग मूल स्वतःच्या हाताला दोष देत बसतं. पॅड टेबलाच्या कडेला टेकवून मांडीवर तिरकं धरलं की मानही दुखत नाही.

शिकताना बाजूचे पदर दोन वेगळ्या रंगांचे घ्या. एक हिरवा आणि एक लाल, प्रत्येकी अर्धा मीटर, त्यांची टोकं एकमेकांना साध्या गाठीने बांधून ती गाठ मधल्या पदरांच्या मागे ठेवा. हिरवा डावीकडे, लाल उजवीकडे.

आता हिरवा पदर मधल्या दोन पदरांच्या वरून उजवीकडे न्या. डावीकडे इंग्रजी चारच्या आकड्यासारखी जागा तयार होईल. लाल पदर हिरव्याच्या टोकावरून घ्या, मधल्या पदरांच्या मागून डावीकडे काढा आणि चारच्या त्या पोकळीतून खालून वर बाहेर आणा. दोन्ही टोकं आडवी, सारख्या जोराने ओढा. ही अर्धी गाठ झाली. हिरवा आता उजवीकडे आहे आणि लाल डावीकडे. उरलेली अर्धी आरशात बघितल्यासारखी करायची. उजवीकडचा हिरवा मधल्या पदरांच्या वरून डावीकडे, लाल त्याच्या टोकावरून, मागून उजवीकडे, आणि उजवीकडच्या पोकळीतून वर. ओढा. पूर्ण चौकोनी गाठ तयार.

यात लक्षात ठेवायचं एकच. वरून जाणारा रंग कायम हिरवा. तो डावीकडे असेल तर उजवीकडे जाईल, उजवीकडे असेल तर डावीकडे. मध्येच जेवायला उठलं, फोन आला, भाऊ येऊन पॅड उलटं करून गेला, तरी हिरवा कुठे आहे हे बघितलं की पुढचं पाऊल कळतं. खरं ब्रेसलेट एकाच रंगात करताना हीच युक्ती वापरायची: एका पदराच्या टोकाला सेलोटेपचा छोटा तुकडा गुंडाळा. टेप लावलेला पदर नेहमी वरून. काम संपल्यावर ते टोक कापूनच जाणार असतं.

स्काऊट-गाईडमध्ये गेलेल्यांना यात ओळखीचं काही दिसेल. चौकोनी गाठ म्हणजे रीफ नॉटच, फक्त दोन पदरांना पोटात घेऊन मारलेली. रीफ नॉट मारताना दोन्ही वेळा एकाच बाजूने गेलं की जशी चुकीची, सरकणारी गाठ होते, तसंच इथे दोन्ही अर्ध्या गाठी डावीकडूनच मारल्या तर पट्टी स्वतःभोवती पीळ घेऊ लागते. मूल म्हणतं, बिघडलं. बिघडलेलं नसतं. तो पीळदार नमुना मुद्दाम करतात, आणि सरांच्या हातासाठी तो चपट्या पट्टीपेक्षा बरा दिसतो. मात्र एका ब्रेसलेटमध्ये अर्धं चपटं आणि अर्धं पीळदार नको.

पहिला तुकडा सरावाचाच असू द्या. गाठी सुरुवातीला सैल आणि नंतर घट्ट होत जातात, कारण हात हळूहळू जमत जातो. त्यामुळे पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होते. उपाय असा की प्रत्येक गाठ ओढून झाल्यावर ती अंगठ्याच्या नखाने वर आधीच्या गाठीला भिडवायची. ओढण्याचा जोर किती याची चिंता करण्यापेक्षा गाठींमध्ये फट राहिली नाही ना एवढं बघावं. सरावाच्या तुकड्यातल्या दहा गाठी पट्टीने मोजून घ्या. तुमच्या मुलाच्या हाताने तेरा सेंटिमीटरला किती गाठी लागतील आणि दोरा किती खर्च होईल हे त्यावरून कळेल. घट्ट हाताच्या मुलाला जास्त दोरा लागतो.

प्रत्यक्ष ब्रेसलेट करताना दोन मीटरच्या दोऱ्याचा मध्य मधल्या पदरांच्या मागे ठेवायचा आणि दोन्ही टोकं पुढे घेऊन लगेच पहिली अर्धी गाठ सुरू करायची. वेगळी सुरुवात लागत नाही. बाईंसाठी गाठींची पट्टी १३ सेंमी, सरांसाठी १५. मोठ्या माणसाचं मनगट याहून मोठं असतं, पण उरलेलं अंतर सरकगाठ भरून काढते. त्यामुळे बाईंच्या मनगटाचं माप चोरून घेण्याच्या भानगडीत पडायची गरज नाही.

मणी घालायचाच असेल तर पट्टीच्या मध्यावर, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर झाल्यावर. तो मधल्या दोन पदरांत ओवायचा, बाजूचे पदर त्याच्या दोन्ही अंगांनी खाली आणायचे आणि मण्याला लागून पुढची गाठ घट्ट मारायची. एक मिलिमीटरचे दोन पदर जायचे तर मण्याचं भोक निदान दोन मिलिमीटरचं हवं. हे दुकानातच बघा, दोऱ्याचा तुकडा सोबत नेऊन. दोऱ्याचं टोक विस्कटत असेल तर त्याला नेलपॉलिश लावून वाळवा आणि तिरकं कापा. मग ते सुईसारखं आत जातं. मणी ओवण्यासाठी खालची सेलोटेप काढावी लागेल, ओवून झाल्यावर पदर पुन्हा ताणून चिकटवायला विसरू नका. नावाची इंग्रजी अक्षरं असलेले मणी मुलांना भारी आवडतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. स्वतःचं नाव मनगटावर घालून बाजारात जाणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

मध्येच बाजूचा दोरा संपत आला तर घाबरू नका. दोन्ही जुनी टोकं मागे वळवा, नव्या दोऱ्याचा मध्य मधल्या पदरांच्या मागे ठेवा आणि सुरुवातीला केलं तसंच पुढे चालू करा. जुनी टोकं शेवटी मागच्या बाजूने कापून बंद करायची. जोड पुढून दिसत नाही.

शेवट: टोकं आणि सरकगाठ

टोकं बंद करायचं काम मोठ्यांनी करावं. यात मुलाला सामील करून घ्यायचा मोह आवरा. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटलं तर ते पटकन सुटत नाही आणि खोलवर भाजतं. ब्रेसलेट उलटं करा, बाजूच्या पदरांची टोकं दोन मिलिमीटर ठेवून कापा, मेणबत्तीची ज्योत जवळ आणून टोक वितळू लागताच चमच्याच्या पाठीने गाठीवर दाबा. ज्योत टोकाला टेकवू नका, नाहीतर काळा डाग पडतो. दाबलेली जागा गार झाल्यावर बोट फिरवून बघा. काही टोचत असेल तर ते बाईंच्या त्वचेलाही टोचणार आहे, तेव्हा पुन्हा हलकं वितळवून सपाट करा. सुती दोरा असेल तर मोठ्या नाकाची लोकरीची सुई घ्या, टोक मागच्या बाजूने चार-पाच गाठींखालून ओढा, कपड्याला चालणाऱ्या गोंदाचा थेंब द्या, वाळल्यावर कापा.

आता पट्टीच्या दोन्ही टोकांना मधल्या पदरांच्या दोन-दोन शेपट्या आहेत. पट्टी गोल करा आणि डावीकडच्या शेपट्या उजवीकडे, उजवीकडच्या डावीकडे अशा एकमेकांवर आणा. म्हणजे मध्ये चार पदर शेजारी शेजारी येतील. दोन्हीकडे सेलोटेपने जागीच धरा. ठेवून दिलेला ३० सेंमीचा दोरा घ्या आणि त्या चारही पदरांभोवती चार-पाच चौकोनी गाठी मारा. गाठ तीच, पोटात दोनऐवजी चार पदर एवढाच फरक. टेप काढा आणि शेपट्या ओढून बघा. सरकत नसतील तर गाठी जास्त घट्ट झाल्या आहेत, आपोआप सरकत असतील तर सैल. दोन्ही बाबतीत त्या सोडून पुन्हा मारा, कारण ब्रेसलेट वापरलं जाणार की नाही हे इथेच ठरतं. एका हाताने, दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय घालता-काढता येईल ते वापरलं जातं.

या सरकगाठीची टोकं वितळवताना आतले सरकणारे पदर ज्योतीपासून दूर ठेवा. ते चिकटले तर सगळंच अडेल. मग ब्रेसलेट पूर्ण उघडून घेर मोजा. बाईंचा हात आत जायला २२ सेंमी पुरतो, सरांना २४ ठेवा. त्या मापावर शेपट्यांच्या टोकांना निरगाठ मारून उरलेला दोरा कापा. शेपट्या याहून लांब ठेवल्या तर ब्रेसलेट आवळल्यावर त्या लोंबतात आणि भाजी निवडताना, वह्या चाळताना सगळीकडे अडकतात.

ब्रेसलेट न घालणाऱ्यांसाठी

सगळ्याच शिक्षकांना मनगटावर काही घालायला आवडतं असं नाही. काही बाई घड्याळही घालत नाहीत, आणि बऱ्याच सरांना हे अवघड वाटतं. त्यांच्यासाठी याच गाठीची आठ सेंमी पट्टी करून एका टोकाला किल्लीची कडी लावा. मधले पदर कडीतून दुमडून घेतले की दोन पदर आपोआप होतात, वेगळी टोकं उरत नाहीत. ग्रंथपाल बाईंसाठी याच गाठीची लांब दोरी आणि टोकाला एक लाकडी मणी असं केलं तर पुस्तकात ठेवायची खूण होते, पण ती दोरी चपटी आणि बारीक हवी, नाहीतर पुस्तक मिटत नाही. खेळाच्या सरांच्या शिट्टीला मनगटात अडकवायची दोरी करून द्या. त्यांची जुनी दोरी बहुधा मैदानावरच कधीतरी तुटलेली असते. या दोरीला मात्र नायलॉनच वापरा, घामाने सुती दोरा लवकर खराब होतो.

पहिली-दुसरीतल्या मुलांना चौकोनी गाठ झेपत नाही, आणि जबरदस्ती केली तर ती रडकुंडीला येतात. त्यांना तीन पदरांची साधी वेणी घालू द्या. घरात लांब केसांची कुणी असेल तर ती त्यांनी आधीच शिकलेली असते. वेणीच्या शेवटी सरकगाठ मोठ्या भावंडाने मारून दिली तरी चालेल.

आई-वडिलांना एक सांगायचंय, आणि थोडं कडक वाटलं तरी सांगते. दोरा मोजायचा, कापायचा, वितळवायचा. त्यापुढे तुमचं काम नाही. मुलगा झोपल्यावर त्याच्या वाकड्या गाठी सोडून रात्री बारा वाजता सरळ करणारे पालक कमी नाहीत. बाई रोज चाळीस-पन्नास वह्या तपासतात. मुलाचं अक्षर कुठलं आणि आईचं कुठलं हे त्यांना पहिल्या ओळीत कळतं, गाठींचंही तसंच कळेल. पट्टी कुठे अरुंद झाली, कुठे एखादा पीळ पडला, असू दे. फक्त शिक्षकदिनाच्या आदल्या रात्री सुरुवात करू नका. सरावलेल्या हाताला एका ब्रेसलेटला तासाभरापेक्षा कमी वेळ पुरतो, पण मुलाला पहिल्याला संपूर्ण रविवार लागेल. दहा शिक्षकांसाठी करायचं तर नारळी पौर्णिमेआधीच दोरा घरात हवा, मग घासाघीस करता आली नाही तरी हरकत नाही.

५ सप्टेंबर हुकला तरी बिघडत नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म १८८८ साली या दिवशी झाला, आणि ते राष्ट्रपती झाले त्या १९६२ पासून तो शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. पण त्या दिवशी बाईंच्या टेबलावर भेटींचा ढीग असतो. आषाढातली गुरुपौर्णिमा, सावित्रीबाई फुल्यांची ३ जानेवारीची जयंती, दहावीचा निरोप समारंभ किंवा वर्षाचा शेवटचा दिवस या वेळा मला जास्त पटतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं मे महिन्याच्या सुरुवातीला, तिथल्या शिक्षक-कौतुकाच्या आठवड्यात हेच देऊ शकतील. मात्र कुठेही असा, शाळेचा भेटवस्तूंबद्दल काही नियम आहे का ते आधी विचारून घ्या.

देताना चकचकीत प्लास्टिकची पिशवी नको. चित्रकलेच्या जाड कागदाची पोस्टकार्डाएवढी पट्टी कापा, दोन्ही कडांना छोटी चीर द्या आणि ब्रेसलेट त्यात अडकवा. मागच्या बाजूला मुलाने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात. ‘तुम्ही जगातल्या सर्वांत छान टीचर आहात’ हे बाजारातल्या प्रत्येक कार्डावर छापलेलं असतं. त्यापेक्षा ‘मला भागाकार येत नव्हता तेव्हा तुम्ही मधल्या सुट्टीत थांबून परत शिकवलात’, किंवा ‘स्नेहसंमेलनात मी वाक्य विसरलो तेव्हा पडद्यामागून तुम्ही सांगितलंत’ असं, खरंच घडलेलं काहीतरी. आठवत नसेल तर मुलाला गाठी मारता मारता विचारा, काम करताना मुलं बरंच बोलतात. घरच्या मोठ्यांनी यात व्याकरण दुरुस्त करू नये. सर, मॅडम, बाई, मिस, ताई, मूल शाळेत जे म्हणतं तेच कागदावर असावं.

ब्रेसलेट हातात द्यायचं, मनगटावर बांधायचं नाही. बांधलं की ते राखीसारखं होतं, शिवाय वर्गासमोर बाईंनाही संकोच वाटतो. घालायचं की नाही, कधी घालायचं हे त्यांच्यावर सोडा. कागदाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवा: शेपट्या ओढल्या की आवळतं, पट्टी दोन्हीकडून ताणली की सैल होतं, साबणाच्या पाण्याने धुतलं तरी चालेल. सुती असेल तर शेवटचं वाक्य गाळा आणि भिजलं तर सावलीत वाळवायला सांगा.

आणि यादी करताना नेहमी दोन ब्रेसलेटं जास्तीची धरा. एखाद्या बाई रजेवर असल्यामुळे त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाई असतात, वर्ग झाडणाऱ्या आणि लहान मुलांना बाथरूमला नेणाऱ्या मावशी असतात, घंटा देणारे काका असतात. यांची नावं यादीत कधीच नसतात आणि शाळेच्या दारात पाऊल ठेवल्यावर मुलाला नेमकी तीच आठवतात.